एच-४ वर आहे, ११ वर्षांची गॅप, कम्युनिटी कॉलेजची सुरुवात कुठून करू?

हळदीच्या_गावची

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच इथं लिहितीय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची सांगलीची, शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. लग्नाआधी आणि नंतर मिळून तीन वर्षं एका सी.ए.च्या ऑफिसात होते, टॅलीवर एन्ट्री, टीडीएस, व्हॅटची रिटर्न्स सगळं करायचे. मग मुलगी झाली, मग सासऱ्यांचं आजारपण, मग मुलगा, आणि असं करत करत ११ वर्षं गेली. मिस्टर तीन वर्षांपूर्वी इकडं कॅलिफोर्नियात आले, मी आणि मुलं गेल्या वर्षी १० सप्टेंबरला आलो. फ्रीमाँटला राहतो. मी एच-४ वर, म्हणजे मिस्टरांच्या कामाच्या व्हिसावरचा जोडीदाराचा व्हिसा, ईएडी म्हणजे कामाचा परवाना नाही, मिस्टरांचं आय-१४० म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं करायचा अर्ज अजून व्हायचाय त्यामुळं नोकरीचा प्रश्नच नाही सध्या.

इथं जवळ ओलोनी कॉलेज आहे, अजून एक अडल्ट स्कूल पण आहे. दोन्हीच्या साइट बघितल्या आणि डोकं गरगरलं. क्रेडिट, नॉनक्रेडिट, कम्युनिटी एज्युकेशन, सर्टिफिकेट ऑफ कंप्लीशन, सर्टिफिकेट ऑफ अचीव्हमेंट, सगळी नावं सारखीच वाटतात. एका ठिकाणी फी शून्य, एका ठिकाणी ४६ डॉलर युनिट, आणि एका ठिकाणी तोच विषय तीनशेच्या वर. हे काय गौडबंगाल आहे?

खरं सांगायचं तर माझी मोठी अडचण इंग्रजी आहे. वाचता येतं, लिहिता पण येतं बऱ्यापैकी, मराठी माध्यमातून शिकले तरी कॉलेज इंग्रजीत झालं. पण बोलायची वेळ आली की घसा आवळतो. परवा मुलीच्या शाळेत टीचर मीटिंग होती, मला सगळं कळत होतं पण मला जे विचारायचं होतं ते मिस्टरांना मराठीत सांगून त्यांच्याकडून विचारून घेतलं, आणि मुलगी बघत होती माझ्याकडं. त्या रात्री ठरवलं की आता काहीतरी शिकायचंच.

तर प्रश्न असे:

फुकटचे नॉनक्रेडिट क्लास असतात त्याला पुढं काही किंमत असते का, का नुसता वेळ जातो? एच-४ वर शिकायला काही परवानगी लागते का? इथल्या बऱ्याच बायका ईसीईचे, म्हणजे बालशिक्षणाचे, १२ युनिट करतात असं पार्कमध्ये ऐकलं, मी अकाउंटवाली, मी ते करावं का आपलंच धरून राहावं? वय ३७ आहे, वर्गात १८-१९ची पोरं असणार, तिथं जाऊन बसायचं म्हणजे पोटात गोळा येतो.

आणि एक, सासूबाई नोव्हेंबरमध्ये येतायत सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर, त्यांना पण इंग्रजी शिकायची फार हौस आहे, त्यांना घेऊन जाता येईल का क्लासला?

---

दोन_समुद्र

अगं किती बरं केलंस विचारलंस. मी सॅन दिएगोला असते, मीही एच-४ वरच आले होते आणि माझी सुरुवात नॉनक्रेडिट ईएसएलपासूनच (परभाषिकांसाठीचं इंग्रजी) झाली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी ते गौडबंगाल. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजचं शिक्षण तीन खणांत असतं. पहिला खण क्रेडिट: युनिट मिळतात, ग्रेड मिळते, ती ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, कायमची राहते, पुढे डिग्रीला किंवा विद्यापीठात ट्रान्सफरला चालते. त्याची फी ४६ डॉलर युनिटला, २०१२ पासून तीच आहे. दुसरा खण नॉनक्रेडिट: फी नाही, युनिट नाहीत, नापास व्हायची भीती नाही, तोच कोर्स पुन्हा केला तरी चालतो. यात काय काय शिकवायचं ते राज्याच्या कायद्यात ठरलेलं आहे, ईएसएल, नागरिकत्वाची तयारी, हायस्कूल पूर्ण करणं, पालकत्व, ज्येष्ठांसाठीचे वर्ग, अपंगांसाठीचे वर्ग, आणि नोकरीला उपयोगी छोटे कोर्स. तिसरा खण म्हणजे कम्युनिटी एज्युकेशन, मातीची भांडी, फोटोग्राफी, साल्सा वगैरे. याला सरकारचा पैसा नसतो म्हणून फी आपण पूर्ण भरायची. नाव 'कम्युनिटी' असलं तरी स्वस्त असेलच असं नाही हे लक्षात ठेव. तुझ्या गावातलं अडल्ट स्कूल वेगळं, ते कॉलेजचं नसून शाळांच्या डिस्ट्रिक्टचं असतं, पण काम बरंचसं दुसऱ्या खणासारखंच.

परवानगीचं: एच-४ वर शिकायला काहीही लागत नाही. पार्ट टाइम, फुल टाइम, दोन्ही चालतं, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा करायची गरज नाही. फक्त काम करायचं नाही.

आता तो 'तीनशेच्या वर' आकडा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तो नॉनरेसिडेंटचा, म्हणजे राज्याचे रहिवासी न धरलेल्यांचा, एका युनिटचा दर आहे. क्रेडिट कोर्सला ४६ डॉलर लागायचे असतील तर सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुला कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण झालेला पाहिजे आणि इथेच राहायचा इरादा आहे याचे पुरावे पाहिजेत. एच-४ वाल्यांना हे रेसिडेंट होणं चालतं, सगळ्या व्हिसांना चालत नाही. आणि मोठ्या माणसाचे दिवस ज्याचे त्याचे स्वतःचे मोजतात, तुझ्या मिस्टरांची तीन वर्षं तुझ्या खात्यात जमा होत नाहीत. तू १० सप्टेंबरला आलीस, ओलोनीचं फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं, म्हणजे थोडक्यासाठी तू नॉनरेसिडेंट ठरणार. तीन युनिटच्या एका कोर्सला १३८ डॉलरऐवजी नऊशेच्या वर! जानेवारीच्या स्प्रिंगला तोच कोर्स १३८ ला मिळेल. तेव्हा क्रेडिटची घाई नको, पण आजच कागद गोळा करायला लाग. भाडेकरारावर तुझं नाव आहे का बघ, नसेल तर घालून घे. ड्रायव्हिंग लायसन्स, जॉइंट बँक खातं, राज्याचा टॅक्स रिटर्न. माझ्या वेळी भाडेकरार फक्त नवऱ्याच्या नावावर होता आणि त्यापायी माझं एक अख्खं सत्र गेलं, अजून त्याची हळहळ वाटते.

आणि मधल्या काळात नॉनक्रेडिट. सॅन दिएगोत तर नॉनक्रेडिटसाठी अख्खं वेगळं कॉलेज आहे, सॅन दिएगो कॉलेज ऑफ कंटिन्युइंग एज्युकेशन, गावभर त्याचे कॅम्पस. मी तिथे सकाळचं ईएसएल केलं आणि मग ऑफिस स्किल्स. वर्गात एक व्हिएतनामी आजोबा, इथिओपियाच्या दोन बहिणी, एक मेक्सिकन आचारी, एक इराकी डॉक्टर. त्या डॉक्टरबाई स्वतःच्या देशात ऑपरेशन करायच्या आणि इथे माझ्या शेजारी बसून भूतकाळाची वाक्यं म्हणत होत्या. त्यांना बघून माझी लाज कुठच्या कुठे गेली गं. त्या वर्गात चुकीचं बोलायला कुणालाही भीती वाटत नव्हती कारण सगळेच चुकत होते.

किंमत आहे का विचारलंस. नुसत्या कागदाला बाहेर फार किंमत नाही, खरं सांगते. पण ईएसएलच्या वरच्या पायरीवरून मी थेट मेसा कॉलेजच्या क्रेडिट इंग्लिशमध्ये गेले आणि टिकले, ते त्या वर्गाशिवाय जमलं नसतं. हजेरी मात्र नियमित लाव, नॉनक्रेडिटचे पैसे कॉलेजला उपस्थितीच्या तासांवर मिळतात, संख्या घसरली की वर्ग बंद पडतो आणि मग बाकीच्यांचंही नुकसान होतं.

---

पाटीपेन्सिल

मी ईसीई केलेलं आहे, आता इथंच बे एरियात प्रीस्कूलला टीचर आहे, मूळ नाशिकची. पार्कमध्ये जे ऐकलंस ते बरोबरच आहे पण अर्धंच आहे.

१२ युनिट म्हणजे साधारण चार कोर्स. बालविकास, मूल-कुटुंब-समाज, आणि अभ्यासक्रमाचा एक, हे गाभ्याचे. खाजगी प्रीस्कूलला राज्याच्या लायसन्सिंगच्या नियमाप्रमाणं हे १२ आणि सहा महिन्यांचा अनुभव असला की तू पूर्ण टीचर, आणि सहा युनिट झाल्यावर पण घेतात, बाकीचे शिकत शिकत पुरे करायचे या अटीवर. सरकारी पैशावर चालणाऱ्या ठिकाणी मात्र वेगळं परमिट लागतं, चाइल्ड डेव्हलपमेंट परमिट, त्याच्या असिस्टंट, असोसिएट टीचर, टीचर अशा पायऱ्या आहेत, टीचरला २४ युनिट आणि वर जनरल एज्युकेशनचे १६.

पण तू ईएडी नाही म्हणतेस तर हे सगळं हातात असून नोकरी करता येणार नाही. ते चालतं, युनिट ट्रान्सक्रिप्टवर राहतात, मी स्वतः चार वर्षं आधी केलेले युनिट ईएडी आल्यावर वापरले. फक्त शेवटी प्रॅक्टिकम असतं, म्हणजे प्रत्यक्ष मुलांच्या वर्गात तास भरायचे, त्याला टीबी टेस्ट, गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लसींचे पुरावे, कधी बोटांचे ठसे असं लागतं. ते तास अभ्यासक्रमाचा भाग म्हणूनच आहेत ना, कुठं पगारी कामाच्या जागी आपल्याला फुकट उभं करत नाहीत ना, हे कॉलेजला आधी स्पष्ट विचारून घ्यायचं.

आणि मनापासून एक सांगू का, सगळ्या करतात म्हणून करू नकोस. मला मुलं आवडतात, मी गावाकडं बालवाडीत शिकवायचे, म्हणून मी टिकले. दिवसभर वाकून, खाली बसून, दहा वेळा हात धुऊन, रडणारं पोर कडेवर घेऊन दुसऱ्याच्या नाडीची गाठ सोडवणं, पाठ आणि गुडघे बोलतात. पगार अकाउंटवाल्यांच्या मानानं कमीच. माझ्याबरोबरच्या दोघींनी १२ युनिट केले आणि एक वर्षात सोडलं कारण त्यांना ते काम मुळात नकोच होतं, जवळ होतं आणि मैत्रीण करत होती म्हणून केलं.

पण एक कोर्स मात्र कर असं म्हणेन, बालविकासाचा पहिला. तुझी मुलं लहान आहेत. मी तो शिकत होते तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा, आणि तो घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असं मिसळून बोलायचा, आम्हाला वाटायचं याचं काहीतरी बिघडलंय, सासरकडून पण सल्ला की घरी इंग्रजीच बोला. त्या वर्गात कळलं की दोन भाषांत वाढणारी मुलं असं मिसळतात, त्यात बिघाड काही नाही, घरची भाषा तोडू नका. तेव्हापासून आमच्या घरात मराठीच. त्या एका गोष्टीसाठी मला त्या कोर्सचे पैसे वसूल झाले.

वयाचं म्हणशील तर माझ्या संध्याकाळच्या वर्गात मी ३४ची, आणि मी मधल्या वयाची होते.

---

जमाखर्च

ताई, अकाउंट सोडू नका. मी कुपर्टिनोला असतो, माझ्या बायकोनं डी अँझा कॉलेजमधून अकाउंटिंग केलंय, तीही तुमच्यासारखीच, बी.कॉम. पुणे आणि मोठी गॅप. बराचसा कारभार मीच कागदावर मांडत होतो म्हणून लिहितोय.

डी अँझा क्वार्टर पद्धतीवर चालतं, सेमिस्टरवर नाही, त्यामुळे तिथं दर ३१ डॉलर युनिटला दिसेल, ते स्वस्त वाटतं पण क्वार्टरचं युनिट सेमिस्टरच्या दोन तृतीयांश असतं, हिशोब तोच येतो. अकाउंटिंगचे पहिले तीन कोर्स १ए, १बी, १सी, प्रत्येकी पाच युनिट म्हणजे १५५ डॉलर एकाचे, वर आरोग्य फी वगैरे किरकोळ. पुस्तकं महाग असतात म्हणून वेळापत्रकात झीरो टेक्स्टबुक कॉस्टची खूण असलेला वर्ग निवडायचा, एकाच कोर्सला शंभर-दीडशे वाचतात.

वर लिहिलेल्या ताईंच्या मुद्द्यात एक भर. क्वार्टरवाल्या कॉलेजांचं फॉल सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास सुरू होतं. तुम्ही १० सप्टेंबरला आलात, म्हणजे तारखेनं बघितलं तर तिथं तुमचं एक वर्ष एक दिवस भरतंय! पण पुरावेही तितकेच जुने लागतात. बँकेचं खातं, शाळेत मुलीच्या दाखल्यावर तुमची सही आणि पत्ता, असं सप्टेंबरातलं काही असेल तर कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसला जूनमध्येच ईमेल करून विचारा, निर्णय ते देतात. फ्रीमाँटहून कुपर्टिनो रोज सकाळी गाडीनं अंगावर येईल, पण अकाउंटिंगचे बरेच वर्ग ऑनलाइन असतात.

आता हे कशासाठी. कॅलिफोर्नियात सीपीएच्या, म्हणजे इथल्या सी.ए.च्या, परीक्षेला बसायला पदवी लागते आणि त्यात अकाउंटिंगची आणि बिझनेसच्या विषयांची ठरावीक युनिट, आजवरचा पायंडा प्रत्येकी २४ सेमिस्टर युनिटचा होता. आपली तीन वर्षांची बी.कॉम. तिथं जशीच्या तशी चार वर्षांची धरत नाहीत नेहमी, बोर्ड ऑफ अकाउंटन्सीनं मान्य केलेल्या संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि जिथं कमी पडतं ते कम्युनिटी कॉलेजातून भरून काढता येतं. लायसन्सच्या अटी मधूनमधून बदलतात तेव्हा बोर्ड ऑफ अकाउंटन्सीच्या साइटवरचं ताजं पत्रक छापून समोर ठेवा आणि त्याच्यावरच टिकमार्क करत जा. आमच्या फ्रिजवर दोन वर्षं ते पत्रक होतं.

सीपीए लांबचं वाटत असेल तर मधला टप्पा म्हणून इन्कम टॅक्सचा कोर्स करा. इथला टॅक्स आणि आपल्याकडचा, दोन्हीत मूळ विचार एकच, उत्पन्न, वजावट, सूट, फॉर्मची नावं वेगळी. बायकोनं तो केला आणि पुढच्या सीझनला कमी उत्पन्नवाल्यांचे रिटर्न फुकट भरून देणाऱ्या व्हीटा कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून बसली. तिथं समोर येणारा माणूस आपल्याकडं आशेनं बघत असतो, तिथं इंग्रजी आपोआप सुटतं. तिचं तसंच सुटलं.

---

रात्रपाळी

थोडं वेगळं मत देतो. नॉनक्रेडिट चांगलंच आहे, पण त्यात अडकून पडू नका. माझी वहिनी दोन वर्षं ईएसएलच्या पायऱ्या चढत राहिली, एक झाली की पुढची, कारण तिथं मैत्रिणी होत्या, सुरक्षित वाटत होतं, आणि क्रेडिटला जायचं धाडस होत नव्हतं. शेवटी एका काउन्सेलरनं तिला सांगितलं की तुमचं इंग्रजी कधीच तयार झालंय. तुम्ही तर इंग्रजीत बी.कॉम. केलंय. एक सत्र बोलण्याचा वर्ग करा आणि जानेवारीत एक क्रेडिट कोर्स घ्याच, एकच घ्या पण घ्या.

आता पूर्वीसारखी इंग्रजी-गणिताची प्लेसमेंट टेस्ट पण नसते, २०१७च्या ए.बी. ७०५ कायद्यानंतर ती गेली. ईएसएलला स्वतःच प्रश्नावली भरून पातळी ठरवतात. तिथं आपली मंडळी हमखास स्वतःला खालच्या पायरीवर टाकतात, तसं करू नका.

दुसरं, पहिला कोर्स ऑनलाइन घेऊ नका. घरात बसून कॅनव्हासवर (कॉलेजच्या ऑनलाइन वर्गांची साइट) व्हिडिओ बघत शिकलात तर बोलायचं कुणाशी? मुलगा प्रीस्कूलला जात असेल ते तास धरून प्रत्यक्ष वर्ग बघा. डी अँझाच्या ऑनलाइन वर्गापेक्षा तुम्हाला ओलोनीचा समोरासमोरचा वर्ग जास्त उपयोगी पडेल, महिने चार उशिरा का होईना.

---

हळदीच्या_गावची

बापरे, एवढं सगळं! दोनदा वाचलं, मिस्टरांना पण वाचून दाखवलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

भाडेकरार लगेच काढून बघितला, फक्त मिस्टरांचंच नाव आहे. जुलैत रिन्यू होतोय तेव्हा माझं घालतोय. जॉइंट खातं मात्र आल्यावर चार दिवसांतच काढलेलं, १४ सप्टेंबरची तारीख आहे त्यावर, आणि मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर माझीच सही आहे. लायसन्स जानेवारीतलं.

@रात्रपाळी तुम्ही लिहिलेलं नेमकं लागलं. मी ती ईएसएलची प्रश्नावली कालच उघडली होती आणि सगळीकडं 'थोडंसं येतं' असंच भरलं होतं. आज परत भरणार आहे.

अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर मागतायत, माझ्याकडं नाही, आयटिन म्हणजे टॅक्सपुरता नंबर आहे. तिथं काय करू? आणि सासूबाईंचं कुणी सांगितलं नाही अजून.

---

दोन_समुद्र

सोशल नाही असा पर्याय असतो अर्जात, तो निवड आणि पुढे जा, नंबर नाही म्हणून अर्ज अडत नाही. व्हिसाच्या ठिकाणी एच-४ नीट भर आणि इथे आल्याची तारीख पासपोर्टवरच्या शिक्क्याशी जुळव, तिथे चूक झाली की नंतर रेसिडेन्सीच्या वेळी प्रश्न येतात. अर्ज झाला की विद्यार्थी क्रमांक येईल, मग काउन्सेलरची वेळ घे, ती फुकट असते, आणि त्यांच्याकडून एज्युकेशन प्लॅन कागदावर लिहून घे. वर्ग भरलेला दिसला तर वेटलिस्टवर नाव टाक आणि पहिल्या दिवशी जाऊन बस, पहिल्या आठवड्यात लोक सोडतात आणि शिक्षक वर्गात नाव घालायचा ॲड कोड देतात. जमत नसेल तर ठरलेल्या तारखेआधी कोर्स सोड, उशीर झाला की ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (कोर्स सोडल्याची खूण) येतो, आणि नुसतं जाणंच बंद केलं तर एफ.

---

कोयनाकाठ

सासूबाईंचं मी सांगतो, कारण आमच्या घरी दोन्ही प्रकार झालेत.

व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला कोर्समध्ये रीतसर नाव घालून अभ्यासक्रम शिकता येत नाही. दोन-चार दिवसांचा हौसेचा वर्ग, स्वयंपाकाचा म्हणा चित्रकलेचा म्हणा, तो चालतो. पण ईएसएलचं सत्र नको, उगाच पुढच्या वेळी व्हिसाला अडचण. त्याऐवजी तुमच्या सार्वजनिक वाचनालयात इंग्रजी बोलायचे गट चालतात का विचारा, तिथं नावनोंदणीचा अभ्यासक्रम नसतो, गोल करून बसतात आणि गप्पा मारतात. माझी आई व्हिजिटर म्हणून आली होती तेव्हा आम्ही तेच केलं.

नंतर आई ग्रीन कार्डवर आली, तेव्हा ६४ वय. चौथीपर्यंत शाळा, सातारा जिल्ह्यातलं डोंगरातलं गाव. तिला नागरिकत्वाची परीक्षा द्यायची होती. ५५ वय आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षं झाली असली की इंग्रजीची सूट मिळते आणि आपल्या भाषेत परीक्षा देता येते, पण तिच्याकडं १५ वर्षं कुठं होती. मग अडल्ट स्कूलच्या ईएसएलच्या अगदी पहिल्या वर्गात घातलं. पहिल्या दिवशी मी वर्गाबाहेर गाडीत बसून राहिलो, मला वाटलं अर्ध्या तासात बाहेर येईल रडत. ती सुटल्यावरच आली आणि म्हणाली, अरे आमच्या आईचा वर्ग असाच होता.

माझी आजी म्हणजे तिची आई, १९५९ साली साताऱ्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली तेव्हा शिकली. १४ ते ५० वयाच्या सगळ्यांना लिहावाचायला शिकवायचं असा तो कार्यक्रम होता, रात्री कंदिलावर वर्ग भरायचे, गावातलीच शिकलेली मंडळी शिकवायची, आणि गाव पूर्ण साक्षर झालं की ग्राम गौरव समारंभ व्हायचा. आई तेव्हा लहान, आजीच्या मांडीवर झोपायची वर्गात. अक्षरं गिरवतानाचा पाटीवरचा खरखर आवाज तिला आठवतो. आजी पुढं आयुष्यभर पत्रावर स्वतःची सही करायची, अंगठा कधी दिला नाही, आणि ते आम्हाला मोठ्या अभिमानानं सांगायची.

आईला तीन वर्षं लागली. सुरुवातीला तिच्या वर्गातल्या चिनी आजी आणि ही, दोघींना एकमेकींचं काही कळायचं नाही, पण डबा वाटून खायच्या. आईनं तिला थालीपीठ खायला घातलं, तिनं हिला वाफवलेले पाव. नंतर नंतर दोघी फोनवर इंग्रजीत बोलायला लागल्या, मोडकं तोडकं, पण बोलणं व्हायचं. ग्रीन कार्डची पाच वर्षं भरल्यावर अर्ज केला. परीक्षेच्या दिवशी अधिकाऱ्यानं वाक्य लिहायला सांगितलं ते तिनं लिहिलं आणि खाली सही करताना मराठीत केली, इंग्रजीत करायची का म्हणून विचारलं तर म्हणाली माझी सही हीच आहे.

तुमच्या सासूबाईंना हौस आहे म्हणता तर वाचनालयात न्याच. आणि तुम्ही पण त्या गटात बसा त्यांच्याबरोबर.

---

पाटीपेन्सिल

@कोयनाकाठ दादा, वाचून डोळे भरून आले. आमच्या प्रीस्कूलला सोडायला येणाऱ्या आज्ज्यांना मी हे वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

---

कोयनाकाठ

चालेल की. आईला सांगतो, तिला बरं वाटेल.

---

हळदीच्या_गावची

अपडेट देते. काल ओलोनीला प्रत्यक्ष जाऊन आले, मिस्टरांना सोबत नेलं नाही मुद्दाम. काउंटरवरच्या मुलीला मीच विचारलं, दोनदा 'सॉरी' म्हणावं लागलं पण विचारलं. तिनं सगळं समजावून सांगितलं आणि फॉर्म पण दिला. एवढ्या मोठ्या कॉलेजात शिरताना कुणी गुण विचारले नाहीत, गॅप का पडली विचारलं नाही, याचंच मला नवल वाटत होतं. घरी येऊन वाचलं तर कळलं की हे १९६० पासूनचं धोरण आहे, राज्याच्या मास्टर प्लॅनमध्येच ठरलं की विद्यापीठं निवडून घेतील पण या कॉलेजांचं दार उघडं राहील.

ठरलंय ते असं: ऑगस्टपासून ईएसएलचा बोलण्याचा वर्ग, मंगळवार-गुरुवार सकाळी, मुलगा प्रीस्कूलला असतो तेव्हा. जानेवारीत फायनान्शियल अकाउंटिंग, रेसिडेंटच्या दरानं. @जमाखर्च, तुम्ही सांगितलं तसं डी अँझाला ईमेल पण केलंय, त्यांचं हो आलं तरी आता मी ओलोनीलाच जाणार बहुतेक, जवळ आहे आणि वर्ग समोरासमोर आहे. बालविकासाचा कोर्स त्याच्या पुढच्या सत्रात. बी.कॉम.च्या मार्कशीट आणि सीलबंद ट्रान्सक्रिप्टसाठी भावाला कोल्हापूरला विद्यापीठात जायला सांगितलंय, त्याला किती दिवस लागतात कुणाला अनुभव आहे का? आणि मूल्यांकन कोर्स-बाय-कोर्स करायचं का साधं, त्यात पैशाचा बराच फरक दिसतोय.

---

जमाखर्च

कोर्स-बाय-कोर्सच करा. साध्यात फक्त पदवी समकक्ष आहे का तेवढं येतं, युनिट मोजायला त्याचा उपयोग नाही. आणि भावाला सांगा, मार्कशीटच्या झेरॉक्सवर नुसता शिक्का नको, मूल्यांकन संस्थेला पाकीट कसं हवं ते त्यांच्या साइटवर देशाप्रमाणं लिहिलेलं असतं, ते पान छापून घेऊन जाऊ दे. आमचं पाकीट त्यामुळेच एकदा परत आलं होतं.